उजेड साडेआठ तास, माणसं दोन

डिसेंबरात पहाटे पारा अठरा-एकोणीसवर आला, की रत्नागिरीत आमच्या आळीत कानटोप्या बाहेर पडतात. कुणीतरी अंगणाच्या कडेला पातेरा पेटवतं, चार जण शेकायला बसतात आणि "यंदा थंडी बरी आहे हो, मोहोर धरणार" यावर गप्पा सुरू होतात. आमची थंडीशी ओळख एवढीच. म्हणून साठीच्या आसपासचं एखादं जोडपं "या हिवाळ्यात युरोपला जायचं म्हणतोय" असं सांगतं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अहो, एवढ्या थंडीत?"

आम्ही दोघं जाऊन आलो, तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे येतो. थंडीची सोय कपडे करतात, हे माझं उत्तर. फसगत होते ती दोन गोष्टींत. एक, तिथला दिवस किती छोटा असतो हे आपल्याला ठाऊक नसतं. दुसरं, दोघांच्या प्रवासाची सगळी सूत्रं एकाच्याच खिशात असतात. या लेखात तारखा, कागद, कपडे, औषधं, खाणं असं सगळं येईल, पण या दोन गोष्टी शेवटपर्यंत सोडू नका.

जोडप्यानं मिळून युरोप बघणं रत्नागिरीला नवीन नाही. इथल्या ठाकूर वकिलांची मुलगी सुनीता हिचं पु. ल. देशपांड्यांशी १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीतच नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. पुढे त्या दोघांनी केलेल्या युरोपच्या प्रवासावरचं 'अपूर्वाई' १९६० साली आलं आणि कित्येक मराठी घरांनी युरोप पहिल्यांदा पाहिला तो त्या पुस्तकात. आज तेवढी अपूर्वाई उरलेली नाही, पण तयारी मात्र करावीच लागते.

निघायचं कधी?

हिवाळी युरोपाचं मोठं आकर्षण म्हणजे नाताळचे बाजार. ते नोव्हेंबरच्या मध्यापासून लागू लागतात. व्हिएन्नात नगरभवनासमोरचा बाजार तेव्हा सुरू होतो आणि साधारण २६ डिसेंबरपर्यंत चालतो. प्रागचा बाजार नोव्हेंबरअखेर लागतो आणि ६ जानेवारीपर्यंत असतो. सगळ्यात जास्त गर्दी आणि चढे दर २० डिसेंबर ते १ जानेवारी या काळात. त्यातही २४ डिसेंबरच्या दुपारपासून दुकानं बंद व्हायला लागतात आणि २५, २६ ला शहर चिडीचूप. नाताळ बघायला म्हणून नेमके याच दिवशी गेलेले लोक हॉटेलच्या खोलीत बिस्किटं खात बसल्याची उदाहरणं आहेत.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. बाजार लागलेले असतात, दर अजून माणसात असतात.

आपल्याकडच्या बागायतदारांनाही हेच दिवस त्यातल्या त्यात परवडतात. मोहोर नुकता डोळे उघडत असतो, फवारणीचं वेळापत्रक लागायचं असतं किंवा लागलेलं असतं. दोन फवारण्यांच्या मधले दहा-बारा दिवस विश्वासाच्या माणसावर सोपवून निघता येतं. ढगाळ हवा झाली तर तुडतुडे आणि फुलकिडीसाठी काय करायचं, हे त्याला लिहून द्या, औषध आणून ठेवा. जानेवारीनंतर मात्र बागेतून पाय निघत नाही. घरगुती निवास चालवणाऱ्यांनाही नाताळच्या आठवड्यात गणपतीपुळ्याचे पाहुणे सोडून जाणं जमत नाही. त्यांच्यासाठीही आधीचेच दिवस बरे.

निवृत्तिवेतनधारकांनी एक गोष्ट विसरू नये. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. तो निघण्याआधी देऊन टाका, नाहीतर परत आल्यावर पेन्शन थांबल्याचं कळतं आणि सहलीची सगळी मजा बँकेच्या रांगेत जिरते.

उजेडाचे तास मोजा

२१ डिसेंबरला रत्नागिरीत दिवस साधारण अकरा तासांचा असतो. त्याच दिवशी व्हिएन्नात जेमतेम साडेआठ तासांचा. सकाळी पावणेआठच्या सुमारास सूर्य उगवतो, दुपारी चारला मावळतो. आकाश ढगाळ असेल तर तीनलाच कातरवेळ वाटते. म्हणजे दहा दिवसांच्या सहलीत आपल्या हिशेबापेक्षा पंचवीस तास उजेड कमी. जूनमध्ये याच शहरात सोळा तास उजेड असतो. आपल्याला मिळणारे बरेच कार्यक्रम त्या सोळा तासांच्या हिशेबानं आखलेले असतात: सकाळी किल्ला, दुपारी राजवाडा, संध्याकाळी नदीतली फेरी. तोच कार्यक्रम डिसेंबरात उचलला, की तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत अंधार झालेला असतो.

आणखी उत्तरेला गेलात तर हिशेब आणखी बदलतो. ऑस्लोत या दिवसांत सहा तास उजेड असतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. उत्तरध्रुवीय प्रकाश बघायला तिथे जाणारी जोडपी खूप आहेत. जरूर जावं, पण पहिल्याच परदेश प्रवासात नको. अंधाराची सवय नसलेल्या माणसाला चौथ्या दिवशी उदास वाटायला लागतं.

म्हणून दिवसाची आखणी अशी करा. न्याहारी अंधारातच उरकून नऊला बाहेर. नऊ ते साडेबारा उघड्यावरची ठिकाणं: पूल, चौक, किल्ला, बाग. मग गरम जेवण. एक ते साडेतीन छपराखालचं काही: संग्रहालय, राजवाडा, चर्च. चार वाजता कॉफी. साडेचारनंतर बाजार आणि दिवे. आठला खोलीवर. दिवसाला उघड्यावरचं एक आणि आतलं एक, अशी दोनच ठिकाणं ठरवा. तिसरं जमलं तर बोनस.

व्हिएन्नाच्या कॉफीघरांचा इथे मोठा आधार होतो. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रं असतात. बाहेर हिमभुरका पडतोय आणि आत आपण पाय सुकवत बसलोय, ही त्या शहरातली माझी सगळ्यात जवळची आठवण.

तीन शहरं पुरे

दहा रात्रींसाठी मी सुचवते तो मार्ग असा: प्रागला तीन, व्हिएन्नाला चार, बुडापेस्टला तीन. जायचं तिकीट प्रागचं काढा आणि परतीचं बुडापेस्टचं, म्हणजे उलटं फिरावं लागत नाही. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेनं चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. तिन्ही देश एकाच शेंगेन व्हिसात येतात. चलनं मात्र तीन: चेकचा कोरुना, ऑस्ट्रियाचा युरो, हंगेरीचा फोरिंट.

प्रागमध्ये चार्ल्स पूल सकाळी नऊच्या आत गाठा. १३५७ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. धुक्यात त्यावरचे पुतळे एकेक करून पुढे येतात. जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं, दर तासाला त्याच्या खिडक्यांतून बाहुल्या फिरतात.

व्हिएन्नात कलेतिहास संग्रहालयात ब्रॉयगेलचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं १५६५ सालचं चित्र आहे. कुत्री, थकलेली माणसं, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारे लोक. बाहेरच्या थंडीतून येऊन ते बघितलं, की साडेचारशे वर्षांपूर्वीचा हिवाळा अंगावर येतो. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, वार बघून आखा.

बर्फ मात्र शहरात हमखास मिळेल असं समजू नका. डिसेंबरात व्हिएन्नाचं तापमान दिवसा तीन-चार अंश आणि रात्री शून्याच्या खाली असं असतं. बर्फ पडतो, वितळतो, चिखल होतो. पांढरा डोंगर बघायचा असेल तर एक दिवस सेमेरिंगला जा. डोंगर चढत जाणारी तिथली ४१ किलोमीटरची रेल्वे १८५४ मध्ये पूर्ण झाली. १९९८ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. आपली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ते हेच वर्ष. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाऊन-येऊन असलेल्या माणसाला तिथल्या कमानींचे पूल आणि बोगदे बघताना घरच्यासारखं वाटतं.

बुडापेस्टला सेचेनी स्नानगृह चुकवू नका. १९१३ साली सुरू झालेली ही गरम पाण्याची उघडी कुंडं. आरवली, तुरळ, राजवाडीच्या कुंडांत अंग शेकलेल्यांना गरम पाण्याचं नवल नाही. नवल आहे ते डोक्यावर बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत गरम पाण्यात उभं राहण्याचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात थांबू नका.

कागद: सातबारा आणि पट्ट्या

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत लागतात. डिसेंबरात जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरातच अर्ज करा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज; वरच्या मार्गात तो ऑस्ट्रिया. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाआकार. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा दोघांची वेळ एकाच दिवसाची घ्या, मुंबईची फेरी एकच होईल. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

खरा घोळ उत्पन्नाच्या पुराव्यात होतो. पगारदाराला पगारपत्रक असतं, निवृत्ताला पेन्शनचा आदेश. बागायतदाराचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्रात ते जेवढ्यास तेवढं दिसतं आणि व्हिसा अधिकाऱ्याला प्रश्न पडतो, हे लोक खर्च करणार कुठून? अशा वेळी सातबारा, वाशीहून दलालाकडून आलेल्या पट्ट्या आणि त्या पैशांची बँकेतली नोंद यांचा मेळ घालून दाखवा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत एक पानाचं पत्र: आम्ही कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार, आणि बाग-घर-नातवंडांसाठी परत येणार हे कशावरून. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र आणि त्याची कागदपत्रं.

दुसरा घोळ नावांचा. आपल्याकडे लग्नात बायकोचं आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं. आधारवर एक, बँकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं असेल तर आधी ते जुळवा. विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांबरहुकूम काढा.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मधुमेह, रक्तदाब लपवू नका. दाव्याच्या वेळी तेच आड येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिरताना ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकावर नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा पहिल्या विमानतळावर रांगेसाठी वेळ धरा. मधला थांबा तासाभराचा असेल असं तिकीट घेऊ नका. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीहून सकाळचं विमान पकडायचं असेल तर धुक्यासाठीही वेळ हवा.

रत्नागिरी ते विमानतळ

विमानाच्या दिवशीच रत्नागिरी सोडण्याचं धाडस करू नका. आदल्या दिवशी मुंबई गाठा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि नाताळाच्या आसपास गोव्याची गर्दी याच गाड्यांना असते. उघडल्या दिवशीच तिकीट काढा. परतीचं तिकीट विमान उतरल्यावर लगेचच्या गाडीचं नको, मध्ये सहा-सात तास तरी ठेवा. तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्यासाठी पनवेलला उतरणं सोयीचं, अंधेरीचा विमानतळ असेल तर ठाणे किंवा दादर.

अंगावर तीन थर, पायात दमदार बूट

एक जाडजूड कोट हा आपला पहिला विचार असतो, आणि तो चुकतो. तिथे बाहेर दोन अंश, दुकानात एकवीस. दिवसातून वीस वेळा आत-बाहेर होतं. जाड कोटात आत घाम येतो, बाहेर तोच घाम गार होतो. म्हणून तीन थर: अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. थर्मल दोन-दोन जोड, बाकी एकेक पुरे. कान, मान आणि मनगटं झाकली की निम्मी थंडी गेली. नवीन घेण्याआधी शेजारी विचारा. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक बॅग अशा कपड्यांची पडून असते.

साडी नेसायची हौस एका जेवणापुरती ठेवा. बर्फाच्या चिखलात निऱ्या भिजल्या की गुडघ्यापर्यंत गारठा चढतो.

बूट मात्र उसने नकोत. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट महिनाभर आधी घ्या आणि मांडवीच्या जेटीवर रोज तासभर घालून फिरा. जाड मोज्यासकट बोटं हलली पाहिजेत.

गोठलेल्या फरशीवर चालायला आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. आषाढात शेवाळलेल्या पाखाडीवरून जसे उतरतो तसंच: पाऊल छोटं, तळवा सपाट, गुडघे सैल, हात खिशाबाहेर. यांनी पहिल्या सकाळी खिशात हात घालून ऐटीत पाऊल टाकलं आणि दुसऱ्या क्षणी ते बसलेले होते. लागलं नाही, पण त्यानंतर पाखाडीचा नियम पाळला.

सामानातली एक गंमत सांगते. मी खोबरेल तेलाची बाटली नेली होती. दुसऱ्या दिवशी ती खिडकीच्या काचेलगत राहिली आणि रात्रीपर्यंत आत पांढरा दगड झाला. चमचा घालून उकरून काढलं, तळहातावर चोळलं, तेव्हा कुठे वितळलं. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, हे शाळेत शिकवलेलं ज्ञान असं कामी आलं. तेल छोट्या तोंडाच्या बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या डबीत न्या. आणि न्याच, गरम केलेल्या खोल्यांतली हवा इतकी कोरडी असते की ओठ, टाचा, नाकाच्या कडा तडकतात.

औषधं

सगळी औषधं हातातल्या पिशवीत, आठवडाभराची जादा धरून. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेचार तास मागे असते, तेव्हा रोजच्या गोळीची नवी वेळ निघण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका आणि बाहेर फिरताना अंगालगतच्या खिशात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. थंडीत रक्तदाब वाढतो, तहान कमी लागते. तहान नसली तरी पाणी प्या. व्हिएन्नात नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, बाटली विकत घ्यायची गरज नाही. फ्लूची लस महिनाभर आधी घ्या. युरोपभर तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२.

खाणं आणि फराळाचे डबे

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, खवा घरीच. सुकं खोबरं पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं, विमानात ते घेऊ देत नाहीत. मसाल्यासाठी वाट्या नेऊ नका. आंबापोळी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोकमं, तेलात भाजलेला शेंगदाण्यांचा चिवडा हे चालतं. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. पॉवरबँक मात्र उलट: हातातल्या बॅगेतच.

बाजारात भाजलेले चेस्टनट मिळतात. कागदाच्या पुडीत गरमगरम. सोलून तोंडात टाकला आणि मी यांच्याकडे बघितलं: चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या! रत्नागिरीच्या माणसाला त्याहून ओळखीची चव सापडायची नाही. गरम पेय मगमधून देतात. मगची अनामत आधी घेतात आणि मग परत दिला की परत करतात. दारू नको असेल तर लहान मुलांसाठीचं फळांचं पंच मागा. बुडापेस्टचा लांगोश हा तळलेला मोठा भटुराच. शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केलं आहे ते विचारा. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवा. आणि शौचालयात पाणी नसतं, हे कुणी सांगत नाही. एक अर्ध्या लिटरची रिकामी बाटली सदैव सोबत असू द्या.

दोघांचे दोन खिसे

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती. व्हिएन्नाच्या मेट्रोत गर्दी होती. हे डब्यात चढले, मी एका बाईला वाट द्यायला थांबले, आणि दारं मिटली. गाडी गेली. दोघांची तिकिटं यांच्याकडे, दोन्ही पासपोर्ट यांच्याकडे, कार्ड यांच्याकडे. माझा फोन भारतातल्या सिमवर, म्हणजे बंदच. पर्समध्ये रुमाल, कुंकवाची डबी आणि गोळ्या. हॉटेलचं नावही मला नीट उच्चारता येत नव्हतं. दहा मिनिटांनी हे उलट दिशेच्या गाडीनं परत आले, पण ती दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही. चूक कुणाची नव्हती. घरी सगळे कागद एकाच कपाटात, एकाच माणसाकडे ठेवायची आमची चाळीस वर्षांची सवय होती, तीच आम्ही व्हिएन्नाला नेली.

त्या रात्री आम्ही वाटणी केली, ती अशी. ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे. दुसऱ्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत मात्र आपल्याकडे. दोघांच्या नावावर वेगवेगळी दोन कार्डं, आणि दोघांच्या खिशात थोडी रोकड. भारतातून एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंत परकीय चलन रोख नेता येतं, पण एवढं लागत नाही. कार्डच जास्त चालतं. यंत्रानं "रुपयांत की युरोत" असं विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. दोन्ही फोनमध्ये तिथलं सिम, आणि फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. हॉटेलचं नाव-पत्ता छापलेलं कार्ड दोघांच्या खिशात. प्रवासाचं तिकीट ज्याचं त्याच्याकडे, शिक्का मारून. तिथे फाटक नसतं, पण तपासनीस कधीही येतो.

आणि चुकामुक झालीच तर एक नियम आधीच ठरवा: मागे राहिलेल्यानं जागा सोडायची नाही, पुढे गेलेल्यानं पुढच्या स्थानकावर उतरून परत यायचं. दोघंही शोधायला निघाले तर संध्याकाळ जाते, आणि तिथे संध्याकाळ चारला होते.

आवडीचीही वाटणी करा. मला चित्रं, यांना रेल्वे. एक दुपार मी संग्रहालयात काढली, हे स्थानकावर गाड्या बघत बसले, आणि साडेचारला ठरलेल्या कॉफीघरात भेटलो. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच एकमेकांना सांगण्यासारखं काहीतरी दोघांकडे होतं.

निघण्याआधी शेजारी किल्ली द्या, तुळशीचं आणि बागेच्या शिंपण्याचं कुणालातरी सांगा, गॅस बंद करा. बाकीची तयारी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल. एक काम मात्र आजच करा: कपाटातून दोन्ही पासपोर्ट काढा, मुदत बघा, आणि परत एकत्र ठेवू नका. ज्याचा त्याच्या हातात द्या.